शून्यावरचा काटा

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे लिटमसबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे 'लिटमस'. नाव बहुधा मीच पाडलं असावं, कारण तोंडाचा पट्टा माझाच सैल. खरं बोलायची वेळ आली की त्यांचा चेहरा आधी लाल व्हायचा, मग तोंड उघडायचं, आणि एकदा उघडलं की समोर साहेब आहे की सासू, हे त्या बघत नसत.

कारखाना तसा छोटाच होता. कापणीनंतर शेतात उरलेलं गव्हाचं काड आणि मक्याची ताटं गाड्या भरभरून यायची. ती बारीक कापून, पाण्यात भिजवून, त्यात थोडं ऍसिड घालून आम्ही एका मोठ्या पोलादी भांड्यात दाबाखाली शिजवायचो. कागदोपत्री त्या भांड्याचं नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला कुकर म्हणायचो. काडात साखर असतेच, पण इतकी घट्ट विणलेली की माणसाच्या काही उपयोगाची नाही. गरम ऍसिड ती वीण उसवतं. साखर पाण्यात उतरते. मग चुना टाकून ऍसिड मारायचं, गाळायचं, आणि तो गोड काढा माझ्या खोलीत यायचा. मी यीस्ट सांभाळायचो. काढ्यातली साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल तयार करायचं. काड कमी शिजलं तर साखर सुटत नाही. जास्त शिजलं तर सुटलेली साखरच जळते, बदामासारखा कडसर वास येतो आणि तो काढा यीस्टला विषासारखा लागतो. मधली बरोबर वेळ काही मिनिटांचीच, आणि ती बाईंना कळायची.

त्या काही मोठ्या शिकलेल्या नव्हत्या. एका शाळेच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं त्यांनी काचेच्या नळ्या धुतल्या होत्या, आणि धुता धुता त्या नळ्यांत काय होतं, का होतं, हे विचारून विचारून मास्तरांचा जीव खाल्ला होता. आमच्याकडे आल्या त्या मदतनीस म्हणून. दोन वर्षांत प्रयोगशाळा त्यांच्याच हातात आली. निळ्या द्रावणात काढ्याचे थेंब टाकायचे, तापवायचं, आणि रंग विटकरी होताना बघायचा. किती विटकरी, यावरून साखर किती. तो आकडा त्यांनी सांगितला की त्यावर कुणी बोलत नसे.

त्यांचा नवरा घरीच शिवणकाम करायचा. अगदी शांत माणूस, सुई हरवली तरी सुईचीच माफी मागेल असा. धाकटा दीर मात्र आगीचा लोळ. तो आमच्याच कारखान्यात फिटर होता. एकाच घरात, खाली थोरला भाऊ आणि बाई, वर दीर, जाऊ आणि त्यांची लहान मुलगी.

आणि या वहिनी-दिरांत एक वर्ष बोलणं नव्हतं.

झालं होतं असं. दिराला फोरमन करायचं जवळपास ठरलं होतं. त्या आठवड्यात तो पाळी सांभाळत होता. एका घाण्यात ऍसिड किती आहे हे न तपासताच त्याने वहीत आकडा लिहून टाकला. तपासणाऱ्याची सही म्हणून वही बाईंकडे आली. त्यांनी सही केली नाही. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. फोरमन दुसराच कुणी झाला.

त्या दिवसापासून दिराने 'वहिनी' हा शब्द टाकला. घरी काही सांगायचं असलं तर बायकोच्या तोंडून. "तुझ्या जाऊबाईंना सांग, जिन्यावरचा दिवा गेलाय." बाई तीन फुटांवर उभ्या असायच्या. कामावर तो त्यांना इतरांसारखंच 'बाई' म्हणायचा, आणि तेही नाइलाज झाला तर. बिचाऱ्या थोरल्या भावाची दोघांत कात्री. तो मशीन जोरात चालवायचा, म्हणजे कुणाचं काही ऐकू येऊ नये.

तो दिवस आला तेव्हा हे असं चाललेलं होतं.

दुपारी तीनला पाहुणे येणार होते. मोठा कारखाना उभारायचा की नाही हे ठरवणारे लोक. त्यांच्यासमोर ताजा काढा काढून दाखवायचा होता, म्हणून सकाळी लवकर घाणा लावला. दहाच्या सुमारास तो शिजला. वाफ बंद केली, खालचा व्हॉल्व्ह उघडला, आणि काही आलंच नाही. काड तळाशी गच्च बसलं होतं. उलट वाफ मारून पाहिली, हातोडीने ठोकून पाहिलं. नाहीच.

साहेबांनी घड्याळ बघितलं. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते, पण पाहुणे म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसायची. ते म्हणाले, "वरून दाब सोडा, झाकण उघडा, बांबूने काड मोकळं करा. दोन वाजेपर्यंत सगळं सुरळीत पाहिजे."

कुकरच्या माथ्यावर एक आखूड नळी होती. तिलाच दाबाचं मीटर जोडलेलं आणि तिलाच वाफ सोडायचा व्हॉल्व्ह. तो उघडला. फुस्स करून वाफ गेली आणि मीटरचा काटा सरळ शून्यावर आला. दीर पाना घेऊन माथ्यावरच्या जाळीवर चढला. झाकणाला आठ बोल्ट होते.

मी तेव्हा खाली उभा होतो. मला वाटलं, चला, अडचण सुटली. मी अंगण ओलांडून प्रयोगशाळेत गेलो. बाई सकाळच्या नमुन्याच्या नळ्या धूत होत्या.

"काळजी नको बाई," मी म्हटलं. "दाब उतरला. झाकण उघडताहेत."

"इतक्यात? कधी सोडला?"

"आत्ताच. मिनिटभरात काटा शून्यावर!"

त्यांच्या हातातली नळी बेसिनमध्ये पडली. फुटली की नाही तेही त्यांनी पाहिलं नाही. "मिनिटभरात?" त्या म्हणाल्या. "अहो, एरवी पाऊण तास लागतो त्याला." आणि चेहरा लाल झाला.

मला काही कळायच्या आत त्या बाहेर पळाल्या होत्या. हातात टेबलावरची पाण्याची बाटली होती. ती त्यांनी का उचलली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. डोक्यावर हेल्मेट नाही, डोळ्यांवर चष्मा नाही. इतरांना हेल्मेटवरून झापणाऱ्या बाई बोडक्या डोक्याने लोखंडी जिना दोन-दोन पायऱ्या करत चढत होत्या. मी मागे.

"थांबा! नट सोडू नका!"

तीन बोल्ट ढिले झाले होते. दिराने चौथ्याला पाना लावला होता. त्याने मान वर केली नाही. "साहेब, बाईंना खाली घेऊन जा. इथे जागा कमी आहे."

साहेब जाळीवरच होते. "काय झालं बाई?"

"आत दाब आहे."

"मीटर बघा की. शून्य आहे."

"मीटर खोटं बोलतंय. आतून फेस वर आला असणार, त्याबरोबर काड वर येऊन नळीच्या तोंडात अडकलंय. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा नळीतली तेवढी वाफ गेली. भांड्यातली आतच आहे."

"व्हॉल्व्ह अजून उघडाच आहे," दीर पान्याशीच बोलावं तसं बोलला. "त्यातून काही येत नाहीये."

"येत नाही हेच तर म्हणतेय मी! एवढं मोठं भांडं, शेवटची वाफ अर्धा तास धुमसत असते. आज एकदम बंद कशी झाली? आणि तो थर्मामीटर बघा. एकशे अडतीस!"

"तो गेल्या आठवड्यापासून बिघडलाय," साहेब म्हणाले. आणि ते खरं होतं. त्याच्यावर लाल चिठ्ठीही लावलेली होती. "बाई, तीन वाजता माणसं येताहेत. शंका काढायला हा दिवस नव्हे. चला, उघडा रे."

दिराने पान्यावर जोर घेतला.

बाईंनी मला नंतर सांगितलं, त्या क्षणी त्यांना कळून चुकलं की त्यांचं म्हणणं कितीही बरोबर असलं तरी या माणसाला ते पटणार नाही, कारण ते त्या म्हणत होत्या. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याने निदान मान वर केली असती.

त्यांनी बाटलीचं झाकण काढलं आणि पाणी सरळ कुकरच्या गळ्यावर ओतलं. तिथे झाकणाच्या कडेला, बोल्टांच्या खाली, पोलाद उघडं होतं.

चर्रर्र झालं. पाणी वाहून गेलं नाही. ते जागच्या जागी उकळलं आणि वाफ होऊन उडून गेलं.

"भाऊजी," बाई म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदा. आवाज अगदी खाली आला होता. "माझ्यावर रागवा, जन्मभर रागवा. पण तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावर काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. आतलं पाणी शंभराच्या पुष्कळ वर आहे. शंभराच्या वर पाणी आहे आणि दाब शून्य, असं होईल का?"

दिराचा हात थांबला. तो त्या कोरड्या झालेल्या पोलादाकडे बघत राहिला. मग त्याने हळूच, काच उचलावी तसा, पाना नटावरून काढला.

आणि तेव्हाच, ढिल्या केलेल्या तीन बोल्टांच्या बाजूने, बारीक शिट्टी वाजायला लागली.

साहेब जिना कधी उतरले ते कुणालाच दिसलं नाही. मी कधी उतरलो ते मलाही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की खालून वर पाहिलं तर जाळीवर ती दोघंच होती. झाकण पाच बोल्टांवर होतं.

"आवळू नका," बाई म्हणत होत्या. "हात लावू नका त्याला. खाली चला."

"वहिनी, तुम्ही उतरा. थंड पाणी सोडल्याशिवाय हे आटोक्यात यायचं नाही."

कुकरच्या भोवती पाण्याचं आवरण होतं. त्याचा व्हॉल्व्ह खाली, पलीकडच्या बाजूला. दोघं जिना उतरली, आणि दीर दाराकडे न जाता भांड्याला वळसा घालून तिकडे गेला. चाक जड होतं. तो दोन्ही हातांनी ते फिरवत होता, आणि वर शिट्टीचा आवाज जाडा होत चालला होता. पाण्याचा खळखळाट ऐकू आला. त्याच क्षणी वरून झाकणाच्या फटीतून तपकिरी पाण्याची एक पिचकारी उडाली आणि त्याच्या डाव्या खांद्यावर, मानेवर, दंडावर पडली.

तो ओरडला नाही. गुडघ्यांवर बसला.

बाईंनी त्याला बगलेत धरून उठवलं. त्यांच्या दीडपट तो माणूस. पण तीसेक पावलं त्यांनी त्याला ओढत नेलं. चुन्याच्या कोठाराच्या भिंतीपाशी आपत्कालीन शॉवर होता. साखळी ओढली, धो धो पाणी आलं. त्यांनी त्याच्या शर्टाची बटणं ताडताड तोडली.

"वहिनी, अहो..."

"लाज मग वाटून घ्या. हात वर करा."

आम्ही सगळे फाटकाबाहेर होतो. तिथून शॉवर दिसत होता, आणि कुकरचा माथाही. वाफेचा पांढरा झोत छपराला लागला होता. साहेब ओरडत होते, "बाई, बाहेर या! त्याला घेऊन बाहेर या! झाकण उडेल!"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

त्यांचा हिशेब सोपा होता, पण करायला छाती लागते. ऍसिड लागलेल्या माणसाला पंधरा मिनिटं तरी धारेखाली धरायचं, हे त्यांनीच आम्हाला दहा वेळा शिकवलं होतं. फाटकाबाहेर धार नव्हती. मधे चुन्याच्या कोठाराची भिंत होती, अर्धी. झाकण गेलं तर ती भिंत किती उपयोगी पडेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी फाटकातून आत गेलो नाही. हे मला सांगायलाच हवं. बातमी घेऊन गेलो मी, जिना चढलो मी, पण त्या पंधरा मिनिटांत माझे पाय जमिनीला चिकटले ते चिकटलेच.

तिकडे, हे मला बाईंकडून नंतर कळलं, तीन मिनिटांतच दीर बाहेर यायला धडपडत होता. पाणी गार होतं, तो कुडकुडत होता. बाई स्वतः चिंब, एका हाताने त्याचा दंड धरून दुसऱ्या हाताने साखळी ओढून उभ्या.

"पुरे झालं."

"नाही झालं. गप्प उभे राहा."

"ते झाकण उडालं तर दोघंही जाऊ."

"मग जाऊ. तुम्हाला असं अर्धवट धुऊन बाहेर नेऊ आणि वर जाऊबाईला काय सांगू?"

दात वाजत असतानाच तो म्हणाला, "तुमचंच बरोबर निघालं. बरं वाटतंय ना?"

"नाही वाटत," बाई म्हणाल्या. "माझे पाय लटपटताहेत. तुम्हाला दिसत नाही का?"

त्याने खाली बघितलं. खरंच लटपटत होते. मग त्याने आपला चांगला हात वर केला आणि साखळी स्वतः धरली, म्हणजे बाईंना भिंतीला टेकता येईल. उरलेली मिनिटं दोघं तशीच उभी होती.

झाकण उडालं नाही. ती फटच आमच्या कामी आली; दाब तिच्यातून गळत गळत उतरला. दीड तास शिट्टी वाजत होती, आणि ती बंद झाली तेव्हा सगळ्यांच्या कानात उलट शांतताच जास्त दुखायला लागली. तोवर दीर दवाखान्यात पोचला होता. डॉक्टर म्हणाले, खांदा आणि दंड चांगलाच भाजलाय, पण वेळेवर धुतलं म्हणून मान वाचली. पाहुणे तीनला आले आणि फाटकावरूनच परत गेले.

एवढ्यावर हे संपलं असतं तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी साहेबांनी बाईंना खोलीत बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून. टेबलावर अहवाल टाइप करून तयार होता. त्यात लिहिलं होतं की फिटरने कुणालाही न विचारता, स्वतःच्या मनाने झाकणाचे बोल्ट सोडले. खाली दोन सह्यांची जागा.

बाईंनी दोनदा वाचलं. "हे असं झालेलं नाही."

"बाई, वरून चौकशी येणार आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर थकलेला होता. "माझ्यावर आलं तर हा कारखानाच बंद करतील. चाळीस माणसं. त्याच्यावर आलं तर दोन महिने घरी बसेल, तसाही तो बसणारच आहे. आणि तो नियम पाळत नाही हे तुम्हीच मागे सांगितलं होतं की. तुमच्यामुळेच तर ते वहीचं प्रकरण..."

"हो. तेव्हा त्यांनी आकडा तपासला नव्हता. म्हणून सांगितलं."

"मग आता काय अडचण आहे?"

"आता 'उघडा' असं तुम्ही म्हणालात. मी तिथे होते."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही ऐकलंत?"

खोलीत पंखा फिरत होता. मला माझी नोकरी दिसत होती, घर दिसत होतं. बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. खिडकीबाहेर बघत होत्या, जणू मला सोपं जावं म्हणून. फाटकाबाहेरची ती पंधरा मिनिटं मला आठवली. मी म्हटलं, "ऐकलं साहेब. 'चला, उघडा रे', असं."

साहेबांनी तो कागद घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. दुसरा अहवाल त्यांनी रात्री घरी बसून हाताने लिहिला. त्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं, आणि मीटर चुकीच्या जागी बसवलं होतं हेही. त्यासाठी त्या माणसाला मी मानतो. त्यांची बदली झाली. कारखाना महिनाभर बंद राहिला, पण कायमचा बंद झाला नाही. सुरू झाला तेव्हा कुकरला मीटरसाठी वेगळी नळी होती, आणि वाफेच्या व्हॉल्व्हसाठी वेगळी. थर्मामीटरही नवा.

त्या घाण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तेव्हा माथ्यावरच्या नळीच्या तोंडात काडाचा बोळा निघाला. मुठीएवढा. काढा अति शिजून काळाभोर झाला होता आणि बदामासारखा वास मारत होता. मी हट्टाने थोड्या काढ्यातलं ऍसिड चुन्याने मारून त्यात यीस्ट घालून पाहिलं. सकाळी बघतो तर एक बुडबुडा नाही. तो सगळा चुना टाकून ओतून दिला.

दीर दीड महिन्याने पट्टी सोडवून आला. घरी काय बोलणं झालं ते मला बाईंच्या जावेकडून कळलं. तो खाली येऊन शिवणयंत्रापाशी उभा राहिला. भावाने मशीन थांबवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "त्या वहीवर मी अंदाजाने लिहिलं होतं."

"माहीत आहे."

"अंदाज बरोबर निघाला होता, पण."

"तेही माहीत आहे. मी नंतर तपासलं होतं."

हे मात्र त्याला नवीन होतं. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. "मग हे साहेबांना का नाही सांगितलंत?"

बाईंचा चेहरा लाल झाला. पण या खेपेला तोंड पटकन उघडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "कुणी विचारलं नाही म्हणून. विचारायची वाट बघायला नको होती मी. तेवढं माझं चुकलं."

दीर वर निघून गेला. दोन दिवस पुन्हा जावेच्या तोंडूनच निरोप आले. तिसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना त्याने जिन्यावरूनच हाक मारली, "वहिनी, चलायचं का? उशीर होतोय." आणि बाई डबा तसाच उघडा टाकून निघाल्या. मग नवऱ्याला तो झाकून, मागे धावत नेऊन द्यावा लागला.